चहानंतर सरकणारी खाच

भांडुपला एलबीएस मार्गालगतच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला हा गाळा. गाळा काकांचा, मशीनवर दादा. मी त्यांच्याकडे नोकरीला नाही; कंट्रोलचं काही बिघडलं की फोन येतो आणि मी जातो. मशीन म्हणजे चार बाय दोन फुटांचा तीन अक्षांचा राउटर, म्हणजे फिरत्या बिटने लाकूड कापणारं-कोरणारं यंत्र. स्टेपर मोटर (ठरावीक छोट्या टप्प्यांनी, म्हणजे स्टेपनी, फिरणारी), 5 मिलिमीटर लीडचे (एका फेऱ्यात 5 मिलिमीटर सरकवणारे) बॉल स्क्रू, आणि चालवायला एक जुना डेस्कटॉप. त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली आणि मशीन चालवणारं लिनक्ससीएनसी हे सॉफ्टवेअर. संगणकाच्या पॅरलल पोर्टमधून पल्स, म्हणजे विजेचे छोटे ठोके, सुटतात, मोटरांना प्रवाह देणारे ड्राइव्ह ते घेतात, मोटर फिरते. मध्ये दुसरं काही नाही. हे ‘दुसरं काही नाही’ पुढे महत्त्वाचं आहे.

वर्षभर या मशीनवर नेमप्लेट, जाळ्या, देव्हाऱ्यांच्या पाठी असलं काम चालतं. पावसाळा लागला की मात्र मखरं. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि एमडीएफच्या (लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या शीटच्या) मखरांना मागणी वाढली: खाचेत खाच अडकवून उभी करायची, विसर्जनानंतर सुटी करून माळ्यावर टाकायची. शीट 5.5 मिलिमीटरची, खाच 5.6 ची. हाताच्या तळव्याने ठोकली की बसते, खिळा-गोंद काही नको. गिऱ्हाईक या बसण्यावरच खूश असतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला. “खाचा बसत नाहीत. लालबागची ऑर्डर आहे, वीस नग परत आलेत.”

तक्रार काय होती

गेलो तेव्हा दादांनी परत आलेले तुकडे भिंतीला लावून ठेवले होते. व्हर्नियर लावला. खाचेची रुंदी अगदी बरोबर, 5.6. पण दोन खाचांमधलं अंतर चुकलेलं. सगळ्या तुकड्यांवर नाही, आणि एकाच तुकड्यावर सुरुवातीच्या खाचा जागेवर, नंतरच्या सरकलेल्या. सरकलेल्या फक्त वाय अक्षात, म्हणजे जिथे आख्खी गॅन्ट्री, म्हणजे बिट फिरवणारा स्पिंडल वाहणारी आडवी कमान, ओढावी लागते त्या अक्षात. एक्स आणि झेड चोख.

काकांचं निदान तयार होतं: पावसाने एमडीएफ फुगला. एमडीएफ फुगतो हे खरं, पण तो जाडीत फुगतो; अर्ध्या शीटनंतर अचानक एका दिशेला सरकत नाही.

दादांचं निरीक्षण वेगळं होतं, आणि मी ते पहिल्या दिवशी हसण्यावारी नेलं याची मला आजही लाज वाटते. ते म्हणाले, “भाऊ, मी समोर उभा असलो की नीट चालतं. चहा पिऊन आलो की बिघडतं. रुसतंय बहुतेक.”

पहिले दोन दिवस वाया

वाय अक्ष एकटाच चुकतो म्हटल्यावर कोणीही आधी लोखंडाकडेच बघेल. कपलिंगचे ग्रब स्क्रू सोडून पुन्हा आवळले, खूण करून ठेवली. लिनिअर गाइडमधला भुसा काढला, ग्रीस भरलं. स्क्रूच्या टोकाचं बेअरिंग थोडं खरखरत होतं, ते नागदेवी स्ट्रीटवरून आणून बदललं. नंतर विजेच्या मागे लागलो: स्पिंडलच्या व्हीएफडीची (त्याचा वेग ठरवणाऱ्या डब्याची) केबल सिग्नलच्या वायरींपासून लांब नेली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केली, अर्थिंग तपासलं. शेवटी स्पिंडल बंद ठेवून, बिट काढून, हवेतच जॉब चालवला. तरी सरकलं.

दरम्यान काकांनी स्वतःच एक उपाय शोधला होता. रॅपिडचा (न कापता एका जागेहून दुसरीकडे धावण्याचा) वेग 2400 वरून 1500 मिलिमीटर प्रति मिनिट केला की चूक जवळजवळ थांबायची. म्हणून त्यांची खात्री पटली होती की मोटर म्हातारी झाली. नवी मोठी मोटर घेऊ, असं चाललं होतं. पण कमी वेगात एका शीटला लागणारा वेळ वाढत होता आणि गणपती जवळ येत होते.

डायलचे आकडे

तिसऱ्या दिवशी मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. मॅग्नेटिक स्टँडवर डायल लावला, गॅन्ट्री त्याला टेकवून काटा शून्यावर आणला, आणि एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: वाय 300 मिलिमीटर जा, परत ये, असं दोनशे वेळा, मग डायलला टेक. सकाळपासून सहा-सात वेळा चालवला. चुकलं तेव्हा आकडे आले 0.1, 0.3, 0.1, 0.2. एकदाही 0.14 नाही की 0.07 नाही.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळं प्रकरण या आकड्यांनी फिरवलं.

1.8 अंशांच्या स्टेपर मोटरचे एका फेऱ्यात 200 पूर्ण स्टेप होतात. तिच्या रोटरला 50 दात असतात, म्हणजे वाइंडिंगमधल्या प्रवाहाचं चक्र एका फेऱ्यात 50 वेळा फिरतं, चार पूर्ण स्टेपला एक चक्र. मोटर जोर कमी पडून सुटली, तर ती कुठेही मध्ये थांबत नाही. घसरते आणि पुढच्या किंवा मागच्या चक्रात जाऊन पुन्हा पकडते. त्यामुळे चूक नेहमी चार पूर्ण स्टेपच्या पटीत. आमच्या स्क्रूची लीड 5 मिलिमीटर, भागिले 50, बरोबर 0.1.

कपलिंग घसरलं असतं तर आकडे कसेही आले असते. वायरीत नॉइज शिरून पल्स वाढले-घटले असते तर चूक एका पल्सच्या मापाने, म्हणजे हजारांश मिलिमीटरमध्ये रेंगाळली असती. आमच्या ड्राइव्हवर आठ मायक्रोस्टेप लावलेले, म्हणजे एका पूर्ण स्टेपचे आठ भाग आणि प्रत्येक भागाला एक पल्स; 320 पल्सला एक मिलिमीटर. सारखं 0.1 च्या पटीत चुकतंय याचा अर्थ एकच: मोटर सिंक, म्हणजे पल्सशी जुळलेली चाल, सोडतेय. मग एकतर मोटरला जोर पुरत नाही, नाहीतर तिला पल्स धड मिळत नाहीत.

जोराचं म्हणाल तर हेच मशीन, हीच मोटर, हाच वेग, मागच्या वर्षीच्या सीझनला बिनबोभाट चाललं होतं.

मग मी दादांना विचारलं, मागच्या सीझननंतर इथे काय बदललं? ते म्हणाले, काही नाही. दोन मिनिटांनी म्हणाले, “टीव्ही बदलला.” टीव्ही म्हणजे मॉनिटर. मे महिन्यात जुना मॉनिटर गेला, काकांनी 24 इंची नवा आणला. त्याला फक्त एचडीएमआय. संगणकाला एचडीएमआय नाही. म्हणून लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड आणलं आणि दुकानातल्या मुलाने येऊन ते बसवून, ड्रायव्हर टाकून दिला. लिनक्ससीएनसीच्या ॲक्सिस नावाच्या पडद्यावर टूलचा मार्ग आता झकास दिसायचा, माउसने चित्र गरगर फिरवता यायचं. दादांना ते फार आवडलं होतं.

मी दादांना म्हटलं, तुम्ही इथे बसा, हात लावू नका. प्रोग्रॅम चालवला. डायल शून्य. पुन्हा चालवला, या वेळी दादांना म्हटलं, आता हवं तसं चित्र फिरवा. तिसाव्या-चाळिसाव्या फेरीला गॅन्ट्रीतून ‘टक्’ असा बारीक आवाज आला. दादांनी माउस सोडून माझ्याकडे पाहिलं. शेवटी डायल: 0.2.

चहाचंही कोडं मग लगेच सुटलं. दादा चहाला गेले की दहा मिनिटांनी पडदा झोपायचा. परत आले की माउस हलवायचे, पडदा जागा व्हायचा, आणि मग कुठवर आलंय ते बघायला चित्र फिरवायचे. मशीन तेव्हा रॅपिडमध्ये असलं की खाच सरकली.

संगणक कुठे अडकत होता

लिनक्ससीएनसीचं मूळ 1990 च्या दशकात अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेत आहे. तेव्हापासूनची त्याची पद्धत अशी: साध्या संगणकावरच, रिअल-टाइम कर्नलच्या (वेळ पाळण्यासाठी बदललेल्या लिनक्सच्या गाभ्याच्या) आधाराने, ठरलेल्या क्षणी काम करायचं. आमच्या मशीनवर बेस थ्रेड, म्हणजे पल्स काढणारं ठरावीक वेळेचं आवर्तन, 40 मायक्रोसेकंदांचा होता. दर 40 मायक्रोसेकंदांनी प्रोसेसर जागा होतो, कोणत्या अक्षाला पल्स द्यायचा ते पाहतो, पोर्टवर लिहितो. हालचालीचं गणित करणारा सर्व्हो थ्रेड वेगळा, एक मिलिसेकंदाचा. प्रोसेसर किती वेगवान आहे याला इथे फारशी किंमत नाही. बोलावल्यावर तो किती उशिरा येतो, आणि सगळ्यात वाईट वेळी किती उशिरा, एवढंच बघायचं. सरासरीचा तर काहीच उपयोग नाही. दिवसभरात एकदा झालेला उशीरही शीट घालवतो.

हे मोजायला लेटन्सी-टेस्ट नावाची खिडकी सोबतच येते. त्यातला ‘मॅक्स जिटर’ (ठरल्या वेळेपासूनची सर्वात मोठी चूक) हा नॅनोसेकंदांतला आकडा वाचायचा. लिनक्ससीएनसी बंद करून ती चालवली. पडदा शांत असताना पाच मिनिटांत 16,000. उत्तम. दुकानातल्या मुलानेही बहुधा इतकंच पाहिलं असतं आणि समाधानाने गेला असता. मग जीएलएक्सगिअर्स या फिरत्या चाकांच्या चित्राच्या तीन खिडक्या उघडल्या, त्यातली एक माउसने धरून पडद्यावर इकडून तिकडे ओढली. आकडा उडी मारून 6,84,000 वर गेला. पडदा झोपवून जागा केला, तरी सहा लाखांच्या घरात.

आता गणित जुळवून पाहा. 2400 मिलिमीटर प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला 40 मिलिमीटर, म्हणजे 12,800 पल्स. दोन पल्समध्ये साधारण 78 मायक्रोसेकंद. आठ मायक्रोस्टेपचा एक पूर्ण स्टेप 625 मायक्रोसेकंदांत होतो. खोळंबा 6,84,000 नॅनोसेकंदांचा, म्हणजे 684 मायक्रोसेकंदांचा. तेवढा वेळ प्रवाह जागीच गोठतो, पण मिनिटाला 480 फेऱ्यांनी फिरणारी मोटर आणि तिच्यामागची जड गॅन्ट्री गोठत नाही, ती पुढे जाते. स्टेपरचा जोर एका पूर्ण स्टेपच्या फरकाला सर्वात जास्त असतो, त्यापुढे तो उतरतो. आम्ही नेमके त्या कड्याच्या पलीकडे जात होतो. वर खोळंबा संपल्यावर सॉफ्टवेअर राहिलेले पल्स घाईने भरून काढायला बघतं, त्याचा आणखी एक हिसका. एक्स आणि झेडला ओझं कमी, ते सावरतात. वायला जमत नाही.

काकांचा उपाय का चालायचा तेही यात आहे. 1500 वर एका पूर्ण स्टेपला 1000 मायक्रोसेकंद लागतात. 684 चा धक्का त्या आत बसतो, मोटर थरथरते पण सुटत नाही. मोटर म्हातारी झालेली नव्हती.

आणि पडद्यावर हे काही दिसत नाही. या मशीनला एन्कोडर, म्हणजे मोटर खरंच कुठे आहे ते सांगणारा सेन्सर, नाही. संगणक किती पल्स पाठवले तेच मोजतो, आणि पल्स तर शेवटी सगळे गेलेले असतात. पडद्यावर आकडा बरोबर, टेबलावर खाच चुकलेली.

एक गोष्ट मात्र दिसत होती. रोज सकाळी ‘अनएक्स्पेक्टेड रिअल-टाइम डिले’ असा संदेश कोपऱ्यात यायचा. दादा तो बंद करायचे. “रोज येतो. एकदाच येतो, मग दिवसभर काही नाही.” तो एकदाच येतो, कारण लिनक्ससीएनसी तो एका सत्रात एकदाच दाखवतं, नंतरच्या उशिरांबद्दल गप्प बसतं. या बाबतीत मला ते सॉफ्टवेअर पटत नाही. निदान मोजणी तरी समोर ठेवायला हवी होती.

ग्राफिक्स ड्रायव्हर असं का करतो

ड्रायव्हर लिहिणाऱ्याचं ध्येय वेगळं असतं: सेकंदाला जास्तीत जास्त चित्रं. त्यासाठी तो काही क्षण इंटरप्ट (प्रोसेसरला मध्येच बोलावणारे संकेत) बंद ठेवतो, कार्डाशी बोलताना बसवर (भागांना जोडणाऱ्या सामायिक मार्गावर) ठाण मांडतो. 1990 च्या दशकातही काही ड्रायव्हर कार्डाची रांग भरली आहे का ते न तपासताच लिहीत सुटायचे आणि पीसीआय बस अडवून धरायचे. तेव्हा संगणकावर आवाज रेकॉर्ड करणाऱ्यांना त्याचे खटके ऐकू यायचे. आणखी एक जात आहे ती वाईट: प्रोसेसरची आख्खी कॅश, म्हणजे त्याचा जवळचा वेगवान साठा, मेमरीत लिहून रिकामी करायला लावणारी सूचना. ती एकच सूचना असते, सुरू झाली की संपेपर्यंत मध्ये इंटरप्टही घेतला जात नाही. कर्नल कितीही रिअल-टाइम असो, तो एका सूचनेच्या मध्ये शिरू शकत नाही. लिनक्सला रिअल-टाइम करणारं प्रीएम्प्ट-आरटी हे काम वीसेक वर्षं बाहेर वाढून 2024 मध्ये 6.12 आवृत्तीपासून मुख्य लिनक्समध्ये आलं. पण त्याचा शब्द कर्नलच्या कोडपुरता. बाहेरून आणून घुसवलेल्या बंदिस्त (मूळ कोड बंद ठेवलेल्या) ड्रायव्हरने आत काय करावं, हे त्याच्या हातात नाही.

आमच्याकडे तोच बंदिस्त ड्रायव्हर होता. टर्मिनलमध्ये वरचा बाण दाबत मागे गेलो तर मे महिन्यातल्या ओळी तशाच सापडल्या. त्या ड्रायव्हरचं इन्स्टॉलर रिअल-टाइम कर्नल ओळखतं आणि बसायला नकार देतं. मुलाने एक व्हेरिएबल लिहून तो नकार ओलांडला होता. त्याला दोष देत नाही. काकांनी ‘चित्र दिसलं पाहिजे’ म्हटलं, त्याने दाखवलं.

दुरुस्ती

कार्ड काढलं. मदरबोर्डच्या मागे पाहिलं तर व्हीजीएच्या शेजारी धुळीने भरलेलं डीव्हीआय सॉकेट होतंच. डीव्हीआय ते एचडीएमआय केबल दोन-अडीचशे रुपयांत मिळते. मे महिन्यात कोणी मागे टॉर्च मारला असता तर ही गोष्टच घडली नसती.

बंदिस्त ड्रायव्हर पूर्ण उतरवला, मदरबोर्डवरच्या ग्राफिक्सचा कर्नलमधलाच ड्रायव्हर चालू झाला. त्याच तीन खिडक्या, तीच ओढाताण: 61,000. सहा लाखांच्या पुढे हे स्वर्गच, पण 40 मायक्रोसेकंदांच्या थ्रेडला 61 मायक्रोसेकंदांचा उशीर चालत नाही. सॉफ्टवेअरने पल्स काढायचे तर 15 ते 20 हजारांच्या आत असावं, एक लाखापुढे गेलं तर नादच सोडावा, असा लिनक्ससीएनसीच्या मंडळींचा साधारण हिशेब आहे. मग बायोसमध्ये शिरलो. प्रोसेसरला खोल झोपू देणाऱ्या सी-स्टेट बंद, वेग कमी-जास्त करणारी सोय बंद. 30,000 च्या खाली आलं. चारपैकी एक कोअर, कर्नलच्या सुरुवातीच्या ओळीत आयसोलसीपीयूज लिहून, बाकी कामांपासून वेगळा ठेवला; लिनक्ससीएनसी आपले रिअल-टाइम थ्रेड आपणहून तिथे नेतं. 17,000.

त्याच ओळीत नोमोडसेट लिहून ग्राफिक्सचा वेग पूर्ण काढून टाकायचा जुना मार्गही करून पाहिला. 12,000 आले. पण चित्र सगळं प्रोसेसरने काढायचं म्हटल्यावर ते रांगायला लागलं, रिझोल्यूशन अडकलं, अक्षरं ताणली गेली. दादांचं तोंड पाहिलं आणि 17,000 वर थांबलो. पाच हजार नॅनोसेकंदांसाठी ज्याला दिवसभर पडद्याकडे बघायचंय त्याला छळण्यात अर्थ नाही.

पडदा झोपण्याची वेळ काढून टाकली, आपोआप होणारे अपडेट बंद केले. नवं कर्नल आलं की ग्राफिक्सचा ड्रायव्हरही नवा येतो आणि मोजमाप पुन्हा करावं लागतं. लेटन्सीची हिस्टोग्रामवाली खिडकी रात्रभर चालू ठेवून मी घरी गेलो. सकाळी सगळ्यात दूरची काडी 18,000 च्या आत होती.

मग दादांना बसवलं. रॅपिड पुन्हा 2400. दोनशे फेऱ्या, आणि त्या पूर्ण वेळात चित्र फिरव, खिडकी ओढ, झूम कर. डायल शून्य. काका म्हणाले, अजून एकदा. पुन्हा शून्य. नाकारलेल्या नगांच्या जागी नवीन वीस नग त्या शनिवारी गेले.

काकांनी विचारलं, हे कायमचं झालं का. मी म्हटलं, पल्स काढायचं काम संगणकाकडून काढून वेगळ्या एफपीजीए (हव्या त्या कामासाठी जुळवता येणारी चिप असलेल्या) कार्डाकडे दिलं तर बेस थ्रेडच जातो. मग फक्त एक मिलिसेकंदाचा सर्व्हो थ्रेड उरतो आणि पन्नास हजारांचा जिटर कोणाला कळतही नाही. मात्र असं कार्ड नेटवर्क केबलवरचं असेल तर दर मिलिसेकंदाला वाचणं-लिहिणं त्याच वेळेत बसवावं लागतं, म्हणजे 6,84,000 चा खोळंबा तिथेही मशीन थांबवतो. काकांनी किंमत विचारली, ऐकली, आणि “अनंत चतुर्दशीनंतर बघू” म्हणाले.

जुनं ग्राफिक्स कार्ड टेबलाच्या खणात आहे. त्यावर मी मार्करने ‘मशीनला लावू नये’ असं लिहून ठेवलंय. दादांनी खाली स्वतःच्या अक्षरात जोडलंय: ‘चहानंतरही नाही.’